लंडन आय : ढगातली एक फेरी आणि उन्हातली एक फेरी

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे लंडनला दीड महिना राहण्याचा योग आला. त्या मुक्कामात टेम्स नदीच्या काठावरील ‘लंडन आय’ या प्रचंड चक्रात आम्ही उभयता दोनदा बसलो. पहिल्या फेरीच्या वेळी आभाळ इतके खाली उतरले होते की शहर जवळजवळ दिसलेच नाही, आणि दुसऱ्या फेरीच्या वेळी लख्ख ऊन पडले होते. दोन्ही फेऱ्यांचे पैसे पूर्ण मोजले आणि दोन्हींचे समाधान वेगवेगळे मिळाले, म्हणून हा अभिप्राय थोडा विस्ताराने लिहीत आहे. आमचे गाव अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यात आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि माझे यजमान शेती पाहतात. आमच्या भागातून मुलाबाळांकडे परदेशी जाणारे आईवडील आता गावोगावी आढळतात, आणि लंडनला गेले की मुले त्यांना या चक्राकडे नेतातच. तिथे काय पाहायचे हे आधी ठाऊक असेल तरच त्या अर्ध्या तासाचे चीज होते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पाळणा म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर बहिरमच्या यात्रेतला पाळणा येतो. सातपुड्याच्या पायथ्याशी २० डिसेंबरपासून महिनाभराहून अधिक काळ चालणाऱ्या त्या यात्रेत रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन झाली की मुले पाळण्याकडे धावतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. माझ्या लहानपणी यात्रांमधून लाकडी रहाटपाळणे असत आणि माणसे ते हाताने ओढून फिरवीत. आता विजेवर चालणारे उंच आकाशपाळणे येतात. पाळणा जुना असो की नवा, वरून खाली येताना पोटात गोळा येणे आणि पेटी झुलणे हाच त्यातला आनंद असतो. माझ्या यजमानांनी मात्र तरुणपणी एका यात्रेत पाळणा बंद पडून बराच वेळ वर अडकून राहिल्यापासून पुन्हा कधी पाळण्यात पाय ठेवला नव्हता. १३५ मीटर उंचीच्या चक्रात बसायचे म्हटल्यावर त्यांनी साफ नकार दिला. मग मुलाने त्यांना वेस्टमिन्स्टर पुलावर उभे करून दहा-पंधरा मिनिटे नुसते त्या चक्राकडे पाहायला लावले. तिथून टक लावून पाहिल्याशिवाय ते फिरते आहे हेच कळत नाही, आणि तेवढ्याने त्यांची भीती निम्मी कमी झाली.

पहिल्या वेळी तिकिटे काढताना आमची चूक झाली, ती इतरांची होऊ नये म्हणून सांगते. मुलगा कामात होता, आणि आम्ही गावाहून निघण्यापूर्वीच एका मध्यस्थ संकेतस्थळावरून, दोन-तीन प्रेक्षणीय स्थळांची एकत्रित योजना पाहून, तिकिटे घेऊन ठेवली होती. त्यावर दिवस आणि वेळ पक्की होती. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशी पाऊस आणि दाट ढग असल्याचा अंदाज आला, तेव्हा वेळ बदलून मागितली. ती मिळाली नाही, आणि मध्यस्थाने वर घेतलेला सेवाखर्चही परत आला नाही. दुसऱ्या वेळची तिकिटे मुलाने चक्राच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, हवामानाचा अंदाज पाहून, आदल्याच दिवशी काढली. आगाऊ ऑनलाइन काढलेले तिकीट ऐन वेळी तिथे जाऊन घेतलेल्या तिकिटापेक्षा स्वस्त पडते. तरीही ते दरडोई तीस पौंडांच्या वर गेले, म्हणजे आपल्या हिशेबाने तीन हजार रुपयांहून अधिक. आमच्याकडे अर्ध्या क्विंटल कापसाला साधारण तेवढे पैसे येतात, तेव्हा ही रक्कम लहान नाही, आणि ती विचार करूनच खर्च करावी.

पहिल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पोहोचलो तेव्हा रिमझिम चालू होती. वॉटर्लू स्थानकावरून पायी आलो. नदीपलीकडच्या वेस्टमिन्स्टर स्थानकावर उतरून पूल ओलांडूनही येता येते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने तसेच यावे, कारण पुलावरून येताना चक्र संपूर्ण दिसते. पिशव्यांची तपासणी झाली, रांग हळूहळू पुढे सरकली आणि आम्ही फलाटावर आलो. चक्र माणसे चढण्या-उतरण्यासाठी सहसा थांबत नाही. सेकंदाला सुमारे २६ सेंटिमीटर इतक्या संथ गतीने ते सरकत राहते आणि माणसे चालत चालत आत शिरतात. एक कुपी रिकामी झाली की कर्मचारी आत जाऊन, लांब दांड्याला लावलेल्या आरशाने बाकांखाली काही राहिले किंवा ठेवले गेले आहे का ते पाहतात, आणि मगच पुढची माणसे सोडतात. तिकडे या काचेच्या कुपींना कॅप्सूल म्हणतात. आकार अंड्यासारखा, मध्ये लाकडी बाक, चहूबाजूंनी काच. एकेकीचे वजन सुमारे १० टन आहे आणि तीत पंचवीस माणसे मावतात.

दार बंद झाले, आम्ही कठड्याला घट्ट धरून उभे राहिलो आणि वाट पाहू लागलो. दोन मिनिटे गेल्यावर माझे यजमान म्हणाले, “अवं, हे तं हालूनच नाही रायलं!” तोपर्यंत आम्ही शेजारच्या काउंटी हॉल या जुन्या दगडी इमारतीच्या खिडक्यांच्या कितीतरी ओळी ओलांडून वर आलो होतो. त्यांनी कठड्यावरचा हात काढला तो पूर्ण फेरीत पुन्हा ठेवला नाही.

कुपी का झुलत नाही, हे मला त्या ढगाळ सकाळी नीट पाहता आले. यात्रेतल्या पाळण्याची पेटी आडव्या दांड्याला टांगलेली असते आणि स्वतःच्या वजनाने सरळ राहते, म्हणून ती वाऱ्याने आणि धक्क्याने झुलते. इथली कुपी टांगलेली नाही. ती चक्राच्या कड्याबाहेर, गोल कड्यांमध्ये बसवलेली आहे, आणि चक्र जसजसे वळते तसतशी विजेच्या मोटारी तिला उलट्या दिशेने तेवढेच वळवून पायाखालची जमीन सपाट ठेवतात. कुपी कड्याच्या बाहेर असल्याचा दुसरा फायदा अगदी वर पोहोचल्यावर कळतो, कारण तिथे डोक्यावर किंवा समोर चक्राचा कोणताही भाग आड येत नाही.

आमच्या त्या फेरीत समोर आड येण्यासारखे तरी काय होते? अर्ध्या उंचीच्या पुढे पांढरा ढग काचेला येऊन टेकला. आतले पर्यटक हिरमुसले, काही जण बाकावर बसून मोबाइल पाहू लागले. मी मात्र आतल्या बाजूला, म्हणजे चक्राच्या मध्याकडे तोंड करून उभी राहिले. तिथे ढगातून पोलादी दोर निघून आमच्या दिशेने येत होते, आणि त्यांच्यावरून पावसाचे थेंब एकामागून एक घरंगळत खाली जात होते.

माझे वडील सुतार होते आणि बैलबंडीची चाके करण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मधला तुंबा, त्यात ठोकून बसवलेले बाभळीचे आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठे, म्हणजे गोलाईचे लाकडी तुकडे, आणि त्या सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव अशी त्या चाकाची रचना असे. धाव चढवण्याच्या दिवशी गोवऱ्यांच्या आगीत लोखंडाचे कडे लाल होईपर्यंत तापवायचे, सांडशींनी उचलून चाकावर बसवायचे आणि लगेच वर पाणी ओतायचे; कडे आकसताना लाकूड करकरत असे आणि सगळे सांधे घट्ट मिटत. त्या चाकात बंडीचे ओझे तुंब्याखालच्या आऱ्यावर उभे राहते, जसे खांबावर आढे उभे राहते, आणि म्हणून आरा जाड असावा लागतो.

‘लंडन आय’ हे सायकलच्या चाकाच्या जातीचे आहे. सायकलची तार दाबली तर लगेच वाकते, परंतु ओढली तर भले मोठे वजन पेलते; म्हणून चाकातल्या सगळ्या तारा आधीच ताणून ठेवलेल्या असतात, आणि कुठे ताण कमीजास्त झाला की रिम वाकडी धावू लागते आणि सायकलवाल्याला स्पोकची चावी फिरवून आऊट काढावा लागतो. १२० मीटर व्यासाच्या या चक्रात तारांचे काम पोलादी दोर करतात. ६४ दोर कड्याला मध्याशी ताणून धरतात, आणि आणखी १६ दोर तिरपे जोडलेले आहेत. या सोळांचे काय काम, असा प्रश्न मला पडला, आणि त्याचे उत्तर खाली फलाटाजवळ सापडले. सायकलीत गती मधून कडेकडे जाते : पायडलने साखळी, साखळीने मागचा तुंबा, तुंब्याने रिम. इथे सगळे उलट आहे. फलाटाच्या पातळीवर ट्रकच्या टायरसारखी रबरी चाके कड्याला दाबून धरलेली आहेत, ती फिरली की कडे पुढे सरकते, आणि ते तिरपे दोर कड्याची गती मधल्या तुंब्यापर्यंत पोहोचवतात. पस्तीस वर्षे मुलांना फळ्यावर बल, ताण आणि घर्षण शिकवले. ते तिन्ही इतक्या मोठ्या आकारात, इतक्या उघड्यावर काम करताना मी प्रथमच पाहिले, आणि ढगातली ती फेरी फुकट गेली असे मला एक क्षणही वाटले नाही.

आणखी एक गोष्ट खालून पाहताना सुटू नये. यात्रेतल्या पाळण्याला दोन्ही बाजूंनी खांब असतात, तर या चक्राला आधार एकाच बाजूने आहे. जमिनीच्या बाजूला इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखे दोन प्रचंड पाय आहेत, ते नदीकडे झुकलेले आहेत, आणि त्यांना मागे ओढून धरणारे जाड दोर बागेच्या बाजूला जमिनीत रोवलेले आहेत. त्या पायांच्या माथ्यावरून आडवा गेलेला आस आणि त्यावरचा तुंबा मिळून सुमारे ३३० टनांचे आहेत. म्हणजे सगळे चक्र, त्यातल्या माणसांसह, एका बाजूने धरलेल्या आसावर नदीच्या पाण्यावर तोललेले आहे. पाठीमागच्या बागेत जाऊन हे दोर जिथे जमिनीत शिरतात ती जागा अवश्य पाहावी. तिथे गर्दी नसते आणि पैसेही पडत नाहीत.

हे चक्र डेव्हिड मार्क्स आणि ज्युलिया बारफिल्ड या वास्तुरचनाकार पती-पत्नींनी कल्पिले. नवे सहस्रक सुरू होताना लंडनमध्ये एखादी खूण उभी राहावी म्हणून १९९३ साली एक स्पर्धा घेतली गेली. त्यात कोणीच विजेता ठरला नाही, पण या दोघांनी आपली कल्पना सोडली नाही आणि स्वतःच्या हिमतीवर ती पुढे नेली. चक्राचे भाग मालवाहू बोटींवरून नदीतून आणले, पाण्यावर उभारलेल्या मचाणांवर ते आडवे ठेवून जोडले आणि मग संपूर्ण चक्र दोरांनी उचलून उभे केले. सप्टेंबर १९९९ मध्ये पहिला प्रयत्न दोर निसटल्यामुळे सोडावा लागला. पुढच्या महिन्यात ते तासाला दोन अंश इतक्या सावकाशीने उचलले, ६५ अंशांवर एक आठवडा तसेच ठेवले आणि मग सरळ केले. आमच्या शेतातल्या विहिरीवर जुनी मोट बसवताना जड लाकडे उचलायला आठ माणसे लागत आणि एकाचा जरी पाय सरकला तरी सगळे थांबून पुन्हा सुरुवात करीत, याची आठवण यजमानांनी मला तिथेच करून दिली. ३१ डिसेंबर १९९९ रोजी तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या हस्ते उद्घाटन झाले, परंतु एक यांत्रिक दोष आढळल्यामुळे त्या दिवशी प्रवासी बसवले गेले नाहीत आणि लोकांसाठी ते मार्च २००० मध्ये खुले झाले. दोष असताना, सगळ्या जगाचे डोळे लागलेले असतानाही, माणसे वर नेली नाहीत, याचा मला आदर वाटतो. सुरुवातीला ते पाचच वर्षांसाठी उभे राहायचे होते. लोकांना आवडले म्हणून कायम झाले. पुढे नानचांग, सिंगापूर, लास वेगास आणि २०२१ मध्ये दुबई, असा सर्वांत उंच चक्राचा मान फिरत गेला, दुबईचे चक्र तर २५० मीटरचे आहे, तरी एका बाजूने धरलेली ही रचना पाहायला लोक लंडनलाच येतात.

कुपी ३२ आहेत, त्या लंडन महानगराच्या स्थानिक कारभाराच्या ३२ विभागांच्या संख्येवरून. क्रमांक मात्र ३३ पर्यंत आहेत, कारण तेरा हा आकडा तिकडे अशुभ मानतात आणि तो वगळलेला आहे.

दुसरी फेरी आम्ही दहा दिवसांनी, दुपारी साडेचारच्या सुमारास घेतली. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे साडेचार म्हणजे भर दुपारच. या वेळी मुलगा आणि सूनही बरोबर होती. मी आदल्या रात्री नकाशा उघडून कुठल्या दिशेला काय आहे ते वहीत लिहून काढले होते, आणि हीच माझी सर्वांना कळकळीची सूचना आहे. अर्धा तास मोठा वाटतो, पण वर गेल्यावर ‘ते काय, हे काय’ असे विचारण्यातच तो संपतो, आणि सर्वांत वरची तीन-चार मिनिटे तर पापणी लवते न लवते तोच सरतात.

आधी समोर पार्लमेंट येते. ज्याला सगळे बिग बेन म्हणतात तो घड्याळाचा एलिझाबेथ मनोरा ९६ मीटर उंच आहे. रस्त्यावरून मान वर करून पाहिलेला तो मनोरा काही मिनिटांतच आपल्या खाली जातो, आणि जवळजवळ सात मीटर रुंदीची त्याची तबकडी मनगटावरच्या घड्याळाएवढी दिसू लागते. पूर्वेकडे सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट आहे, १११ मीटरचा, आणि त्याच्याही पुढे, नदीच्या आपल्याच काठाला, तीनशे मीटरहून उंच असलेला शार्ड नावाचा काचेचा सुळका. पश्चिमेकडे सेंट जेम्स पार्कची झाडी, तिच्या टोकाला राणीचा, आता राजाचा, बकिंगहॅम राजवाडा. हवा स्वच्छ असेल तर चाळीस किलोमीटरपर्यंतचे दिसते आणि विंडसरचा किल्लाही ओळखता येतो असे म्हणतात. आम्हाला त्या दिशेला निळसर रेघ दिसली, किल्ला काही ओळखू आला नाही. माझ्या डोळ्यांत भरले ते शहराचे सपाटपण. चिखलदऱ्याच्या कड्यावरून खाली पाहिले की दरी दिसते, जमिनीचा चढउतार दिसतो. इथे नजर जाईल तिथवर घरेच घरे, आणि त्यांच्यामधून झाडांचे हिरवे पट्टे.

व्हाइटहॉल या सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्याच्या बाजूला, सेंट जेम्स पार्कच्या झाडीला लागून एक भव्य, पांढरट दगडी इमारत दिसते. ते परराष्ट्र खाते आहे, आणि त्याच इमारतीत पूर्वी भारतमंत्र्यांचे, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यांचे, कार्यालय होते. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले. पुढे आमच्या काळ्या जमिनीतला कापूस रेल्वेने मुंबईला आणि बोटीने मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाऊ लागला. त्या कापसाच्या, रेल्वेच्या, शेतसाऱ्याच्या किती फायली त्या छपराखाली हलल्या असतील! मी यजमानांना ती इमारत दाखवली. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

नदीच्या पलीकडे, ईशान्येला, वॉटर्लू पुलाच्या टोकाशी सॉमरसेट हाउसचा लांबलचक दगडी दर्शनी भाग आहे, आणि त्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथूनच १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. ते ज्या घरात १९२१-२२ मध्ये राहत होते ते किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि तिथे स्मारक केले. आम्ही ते दोन दिवस आधी पाहून आलो होतो, त्यामुळे उत्तरेकडच्या प्रिमरोज हिलच्या हिरव्या टेकडीखाली ते घर कुठे असेल याचा अंदाज मुलाने बोट दाखवून दिला. सेंट जेम्स राजवाडाही सेंट जेम्स पार्कच्या झाडीपलीकडेच आहे. १९३० पासूनच्या गोलमेज परिषदांमध्ये बाबासाहेब तिथे बोलले. दीक्षाभूमीला जाणाऱ्या प्रत्येक वैदर्भीय माणसाने या चक्रातून या तीन जागा शोधाव्यात. कुपीत ठेवलेल्या माहितीत त्या मिळाल्या नाहीत, म्हणून त्या आपल्या आपण लिहून न्याव्यात.

आता नदीविषयी. पहिल्या सकाळी वरून खाली पाहिले तेव्हा टेम्सच्या दोन्ही काठांना चिखलाचे आणि गोट्यांचे रुंद पट्टे उघडे पडलेले होते आणि पाणी वॉटर्लू पुलाकडे, म्हणजे समुद्राकडे, चालले होते. दुसऱ्या फेरीत तेच पाणी दगडी भिंतींना भिडले होते. माझे यजमान पूर्णेच्या काठावर लहानाचे मोठे झाले आहेत, पाण्याकडे त्यांचे लक्ष आधी जाते. त्यांनी मला एक लाकडाचा ओंडका दाखवला. तो वॉटर्लू पुलाकडून पार्लमेंटच्या दिशेने, नदीच्या उगमाकडे, तरंगत जात होता. “पाणी उलटं चाललं,” ते म्हणाले, आणि कुपीतले बाकीचे लोक राजवाड्याचे फोटो काढत असताना आम्ही दोघे तो ओंडका पुलाच्या कमानीखाली जाईपर्यंत पाहत राहिलो. लंडनमध्ये टेम्सला समुद्राची भरती-ओहोटी असते, दिवसातून दोनदा, आणि पाण्याची पातळी सुमारे सात मीटरपर्यंत चढउतार करते. नदी उगमाकडे वाहताना पाहणे हे आमच्यासारख्या समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी मोठे नवल आहे, आणि ते जेवढे स्पष्ट वरून दिसते तेवढे काठावरून दिसत नाही.

वेळ निवडताना उन्हाचा विचार करावा. पार्लमेंट चक्राच्या नैर्ऋत्येला आहे, त्यामुळे दुपारनंतर सूर्य त्याच्याच बाजूने डोळ्यांवर येतो आणि फोटोत मनोरा काळा पडतो. त्या वेळी सेंट पॉल आणि पूर्वेकडचे शहर मात्र उन्हात उजळून निघते. ज्यांना पार्लमेंटचे चांगले फोटो हवेत त्यांनी सकाळची वेळ घ्यावी. फेरी संपत येताना कुपीतला कॅमेरा सर्वांचा फोटो काढतो आणि बाहेर पडताना तो विकत घेता येतो. आम्ही घेतला नाही, मुलाने काढलेले फोटो पुरेसे होते. कुपीत वीस-पंचवीस माणसे असली तरी सगळे एकाच काचेला चिकटत नाहीत, थोडा धीर धरला तर प्रत्येक बाजूला जागा मिळते. जास्त पैसे देऊन लवकर आत जाण्याचे वेगळे तिकीटही असते. आमच्या वेळी दुपारची रांग सहन होण्यासारखी होती, म्हणून ते घेण्याची गरज पडली नाही. शाळांच्या सुट्टीत किंवा लहान मुले सोबत असतील तर त्याचा विचार करावा. जानेवारीत वार्षिक दुरुस्तीसाठी चक्र काही दिवस बंद असते, हेही हिवाळ्यात जाणाऱ्यांनी आधी पाहून घ्यावे.

ज्यांना पाळण्याची मजा, पोटातला गोळा आणि आरडाओरडा हवा आहे, त्यांनी इथे पैसे घालू नयेत. त्यांची निराशा होईल. उंचावरून शहर पाहणे एवढाच हेतू असेल तर लंडनमध्ये उंच इमारतींवरही जाता येते. पण यंत्र, नदी आणि शहर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पाहण्याची सोय मला या चक्राइतकी दुसरीकडे कुठे आढळली नाही. दोनदा जाण्याची गरज नव्हती हे मी मान्य करते; स्वच्छ दिवस निवडून एकदाच जावे, आणि जाण्याआधी अर्धा तास पुलावर, अर्धा तास मागच्या बागेत घालवावा, म्हणजे ढगाळ फेरीत मला जे मिळाले ते खालूनच मिळेल.

वयस्क मंडळींसाठी एक शेवटची गोष्ट. माझे गुडघे दुखतात, आणि सरकत्या कुपीत पाऊल टाकायची मला पहिल्या वेळी धास्ती वाटली होती. दुसऱ्या वेळी सुनेने फलाटावरच्या मुलीला तसे सांगितले. तिने हात वर करून खूण केली, ते सगळे चक्र थांबले, तिने माझा हात धरून मला आत बसवले आणि मगच ते पुन्हा सुरू झाले. उतरतानाही तसेच. वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी ते थांबवतात, फक्त ही विनंती रांगेत शिरतानाच सांगून ठेवावी, म्हणजे फलाटावर ऐन वेळी घाई होत नाही.